डब्यावरचं गाव

रंगाच्या डब्याच्या मागच्या बाजूला, चष्मा काढूनही वाचता येणार नाही आणि लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत, एक गाव वसलेलं आहे. त्या गावात भिंतीला दिलेला रंग अर्ध्या तासात हाताला लागेनासा होतो आणि चार तासांनी दुसरा हात मारता येतो. तिथं पाऊस पडत नाही, ऊन भाजत नाही, भिंतींना ओल नसते आणि घरात पाहुणे नसतात. भारतीय मानकांप्रमाणे रंगाच्या चाचण्या घ्यायच्या त्या २७ अंश सेल्सिअस तापमानात आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत. दोन अंश आणि पाच टक्के इकडेतिकडे झालेले खपतात. एवढ्या सुखात माणूससुद्धा वेळेवर कामं उरकेल. रंग उरकतो यात त्याचं विशेष कौतुक नको.

हे गाव महाराष्ट्रात नेमकं कुठं आहे, याचा शोध दरवर्षी लाखो कुटुंबं आपापल्या खर्चानं घेत असतात. मुंबईला जुलैत तापमान अगदी डब्याबरहुकूम असतं, पण आर्द्रता नव्वदीच्या घरात. नागपूरला मे महिन्यात आर्द्रता शोधायला पोलीस लावावे लागतात आणि पारा पंचेचाळीसला टेकलेला. महाबळेश्वरला श्रावणात ढग खिडकीतून आत येतात आणि चहा झाल्याशिवाय उठत नाहीत. पुणेकरांच्या मते ते गाव पुणंच होय. नोव्हेंबरातले काही दिवस बघता त्यांचं म्हणणं खोडून काढणं कठीण आहे. फक्त त्या दिवसांत पुण्यात पेंटर मिळत नाही.

रंग वाळतो म्हणजे काय होतं, हे एकदा समजून घेतलं की राग कमी होत नाही, पण तो योग्य माणसावर काढता येतो. डिस्टेंपर किंवा इमल्शन हे पाण्यातले रंग. त्यातलं पाणी हवेत निघून गेलं पाहिजे, म्हणजे मागं राहिलेले रेझिनचे बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. आता हवाच आधीपासून पाण्यानं टच्च भरलेली असेल, तर भिंतीवरच्या पाण्यानं जायचं कुठं? ते बिचारं दारात उभं राहतं. ऑइल पेंटचं तंत्र निराळं. त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं ही नुसती प्रस्तावना. खरं वाळणं पुढं असतं. रंगातलं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होत जातं. जवसाचं तेल तर वाळताना वजनानं वाढतं. म्हणजे ज्याला आपण सुकणं म्हणतो ते खरं खाणं आहे, आणि थंडी पडली की हा जेवणारा सावकाश जेवतो. नाशिकला जानेवारीत दाराला ऑइल पेंट दिला, तर सकाळी तो अजून पानावरच बसलेला असतो.

वरून वाळलेला आणि आतून ओला, ही ऑइल पेंटची खास कला. रंग जाड लागला आणि हवा दमट असली की वर दुधासारखी साय धरते. घरातले सगळे जण येऊन हलक्या बोटानं पाहतात, ‘वाळला, वाळला’ म्हणतात, दार लावून झोपतात. पहाटे दूधवाला बेल वाजवतो तेव्हा दार उघडत नाही. मग आतून एक ओढतो, बाहेरून दूधवाला ढकलतो, आणि चौकट व दार यांचा वियोग होताना ‘चर्रर्र’ असा जो आवाज येतो त्याला रंगकामाच्या अंदाजपत्रकात ‘टचअप’ म्हणतात. त्याचे पैसे वेगळे.

२०१६ साली चार्ली लाइन नावाच्या ब्रिटिश दिग्दर्शकानं तिथल्या सेन्सॉर मंडळाच्या निषेधार्थ ‘पेंट ड्राइंग’ नावाचा चित्रपट सादर केला. विटांच्या भिंतीवर पांढरा रंग वाळतोय, एवढंच कथानक. प्रमाणपत्राची फी मिनिटावर असल्यामुळे लोकांकडून वर्गणी काढली आणि वर्गणी पुरली तितकी लांबी ठेवली: १० तास ७ मिनिटं. परीक्षकांना नियमाप्रमाणे तो सगळा बघावा लागला. त्यांनी तो दोन दिवसांत बघितला आणि सर्व वयोगटांना योग्य असा शेरा दिला. ही भिंत वसईत असती आणि चित्रण जुलैत केलं असतं, तर मध्यंतर गणपतीत झालं असतं, दुसऱ्या भागात बुरशीचं पात्र आलं असतं, आणि सर्व वयोगटांना योग्य हे प्रमाणपत्र काही मिळालं नसतं, कारण घरमालकाचे संवाद.

आपल्याकडं मूळ भानगड अशी की रंग आर्द्रतेकडं बघून वाळतो आणि आपण रंगकाम पंचांगाकडं बघून काढतो. ‘यंदा हवा बरी कोरडी आहे, चला, हॉल रंगवू’ असं म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. रंग द्यायचा तो दिवाळीसाठी, लग्नासाठी, वास्तुशांतीसाठी, नाहीतर परदेशातून मुलगा सून घेऊन येतोय म्हणून. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. आता २०१७ सालचं लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं. म्हणजे पाऊस सरासरीनं वागला असता तरी मधले उरतात अकरा दिवस, त्यात चार महिने पाणी प्यायलेली भिंत वाळायची, खरवडायची, लांबी भरायची, पॉलिश पेपरनं घासायची, प्रायमर लावायचा, दोन हात मारायचे आणि शिवाय चकल्या करायच्या. उलट २०२३ साली अधिक श्रावण आला, सगळे सण पुढं सरकले आणि लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. अधिक महिन्याला मनापासून आशीर्वाद देणारे लोक महाराष्ट्रात दोनच: अनारशांचं वाण घेणारे जावई आणि पेंटर. जावयांचं कौतुक सगळे लिहितात, पेंटरांचं कोणी लिहीत नाही, म्हणून नोंद केली.

भिंत पाणी पिते यावर घरमालकाचा विश्वास नसतो. वरून ती कोरडी दिसते, ऑक्टोबरचं ऊन रणरणत असतं, मग अडचण काय? पेंटरमामा भिंतीला हाताची मागची बाजू लावतो, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते, आणि म्हणतो, “गार लागतेय, साहेब. अजून पाणी धरलंय.” साहेबांना वाटतं, हा दुसरीकडं काम घेऊन बसलाय आणि आपल्याला लटकवतोय. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. ओल्या भिंतीतून पाणी उडत असतं म्हणून ती गार लागते, आणि मामानं दुसरीकडं कामही घेतलेलं असतं. खात्री करायची तर सोपा उपाय आहे: प्लॅस्टिकचा एक तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूला दव जमलं असलं, तर भिंत अजून ओली. पण ही चाचणी कोणी करत नाही, कारण तिचं उत्तर नको असतं. मग रंग लागतो, दिवाळी पार पडते, आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला आतलं पाणी बाहेर यायला निघतं. रंगाला फोड येतात, फोडाचे पोपडे होतात, लोणा लागलेला पांढरा चुरा सोफ्यावर पडतो. सोफा भिंतीपासून चार बोटं पुढं ओढायचा असतो हे ज्ञान प्रत्येक घराला अशा रीतीनं प्राप्त होतं.

जहाजं, पूल आणि तेलाच्या टाक्या रंगवणारे लोक या बाबतीत फार सुसंस्कृत. त्यांच्याकडं आर्द्रता मोजायचं यंत्र असतं. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की ते ब्रश खाली ठेवतात, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर नसेल तर डबाही उघडत नाहीत. घरच्या रंगाऱ्यानं हे नियम पाळायचे ठरवले तर रत्नागिरीत जून ते सप्टेंबर त्याला पगारी रजा द्यावी लागेल. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला तेव्हा त्या पोराच्या हातात डबा आणि रंग ठिबकणारा ब्रश दिला. लक्ष्मण मुंबईत राहत होते. त्यांनी ब्रश ठिबकताच ठेवला, वाळलेला दाखवला नाही, हे निरीक्षण म्हणूनसुद्धा अचूक आहे.

वाळायला वेळ लागण्याचा सगळ्यात मोठा तोटा असा की तोवर रंग खरा कसा आहे हे कळत नाही. इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळलं की गडद होतं; चुना आणि डिस्टेंपर यांचं नेमकं उलट. शेड कार्डावर पसंत केलेला ‘हलका बदामी’ भिंतीवर चढतो तेव्हा आई म्हणते पांढराच आहे की, वडील म्हणतात कार्डावर असाच होता, मुलगी म्हणते मी आधीच सांगत होते. कोरड्या हवेत हा वाद जेवणापर्यंत टिकतो. दमट हवेत तो मुक्कामाला राहतो, नातेवाईकांना फोन जातात, २००८ सालच्या पडद्यांचा विषय निघतो. तिसऱ्या दिवशी रंग वाळून खरोखरच बदामी होतो, पण तोवर प्रत्येकानं आपली बाजू इतकी ताणलेली असते की त्या रंगाला बदामी म्हणायला कोणीच तयार होत नाही.

चुन्याची गंमत तर बघण्यासारखी. चुना मारला की संध्याकाळी भिंत ओलसर, काळपट, पारदर्शक दिसते. शेजारी येऊन ‘पाणीच मारलंय वाटतं’ म्हणून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भिंत डोळे दिपवते. कारण चुना नुसता वाळत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड व्हायला लागतो, आणि त्या कामाला त्याला थोडी ओल लागतेसुद्धा. म्हणून फार कडक उन्हात मारलेला चुना हाताला भुकटी लावतो. कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा वाढवायचा तर त्या खोलीत सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा भरवावी. सिमेंट पेंट आणखी उफराटा. त्याला वाळल्यावर पाणी मारावं लागतं, सिमेंटच ते. नव्यानं रंगवलेल्या कंपाउंडवर पेंटर नळीनं पाणी सोडतोय हे बघून तळमजल्यावरचे आजोबा बनियनवर धावत बाहेर येतात, आणि त्यांना समजावण्यात जो वेळ जातो तो क्युरिंगच्या वेळेत धरलेला नसतो.

विदर्भात दुःख दुसऱ्या टोकाचं. तिथं रंग वाळत नाही अशी तक्रार नसते. तो ब्रशवरच वाळतो. मे महिन्यात उन्हानं तापलेल्या भिंतीवर ब्रश टेकवला की पुढं सरकायच्या आत मागची कड पकडते, आणि एका पट्ट्यावर दुसरा पट्टा चढला की त्याचा जोड कायमचा दिसतो. म्हणून जाणता पेंटर सावली धरून काम करतो. सकाळी इमारतीची पश्चिम बाजू, दुपारी झोप, संध्याकाळी पूर्व बाजू. ऊन पुढं, हा मागं, अशी इमारतीला प्रदक्षिणा चालते आणि मालक मोजत बसतो की माणूस दिवसाचे किती तास आडवा असतो.

घराच्या आत तर थेट संघर्ष. विदर्भातलं घर कूलरवर जगतं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडतं, पंखा ते ओलं वारं आत ढकलतो, माणूस माणसात येतो. पण हा कूलर खोलीतली आर्द्रता वाढवतो, आणि कोंडलेल्या खोलीत ऑइल पेंट आणि पॉलिश दोघांचंही डोकं बिघडतं. पेंटर म्हणतो, “भाऊ, कूलर बंद करा.” बाहेर पंचेचाळीस अंश. भाऊ दाराकडं बघतात, दार भाऊंकडं बघतं. दोघांपैकी एकालाच सुखानं वाळता येणार असतं.

फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर या सगळ्या जमातीत सर्वांत मानी. पावसाळ्यात त्यांना बोलावलं तर ते येतात, शिसवी टेबलावरून हात फिरवतात, चहा पितात आणि ‘दसऱ्यानंतर’ एवढंच म्हणून जातात. त्यांचं म्हणणं शास्त्रशुद्ध आहे. पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतली वाफ त्या गार पृष्ठभागावर बसते. सगळं टेबल पांढुरकं पडतं, जणू त्याला बातमी वाईट कळली. घाई असली की गिऱ्हाईक बल्ब लावू का, हीटर लावू का, असं विचारतं. कारागीर उत्तर देत नाही. बुरशीनं हिरवट झालेल्या चपलांकडं नुसतं बघतो.

एक मात्र कबूल केलं पाहिजे: इथं पंचांगाचं आणि हवेचं जमतं. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, लग्नांना मुहूर्त नाहीत, तेव्हा नव्या जोडप्याचं कपाट पावसाळ्यात चकाकण्याची गरजच पडत नाही. चातुर्मासाची अनेक कारणं कीर्तनकार सांगतात. लाखेच्या पॉलिशवर पांढरी झाक येते हे त्यांनी अजून घेतलेलं नाही. घ्यायला हरकत नाही.

पण जिथं पंचांगानं हवेशी उघड वैर धरलंय ते ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यातलं पेण. माती वाळवून तिला रंग द्यायचा असेल तर सबंध वर्षात सर्वांत गैरसोयीचे महिने कोणते? आषाढ आणि श्रावण. आणि गणेश चतुर्थी? भाद्रपदात. बाहेर कोकणचा पाऊस पत्र्यावर ताशा वाजवतोय, आत रांगेनं शाडूच्या मूर्ती मांडलेल्या, वर पंखे गरगरताहेत, कुठं हॅलोजनचे दिवे लावलेत, आणि वीज गेली की सगळ्या कारखान्यातून एकाच वेळी एकाच देवाचं नाव घेतलं जातं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसला ही चिंता नाही. पाण्याशी रासायनिक संग झाला की ते थोड्या वेळात आपोआप कडक होतं. शाडू मात्र नुसता वाऱ्यावर वाळतो. ओला असताना करडा, वाळला की फिकट. घाई करून शेगडीजवळ ठेवला तर बाहेरून आवळतो, आतून आवळत नाही, आणि तडा जातो. कारागीर मूर्तीच्या पोटाला बोटांची मागची बाजू लावून बघतो, कारण माती तिथं सर्वांत जास्त आणि वाळायला सर्वांत शेवटी तीच. लंबोदर हे नाव तंत्रज्ञांनी दिलं असावं. पोट गार लागलं तर रंग थांबतो, पितांबर थांबतं, आणि गिऱ्हाईक फोनवर विचारत असतं, “दादा, आमचा झाला ना?” दादा म्हणतात, “झालाच. फक्त डोळे राहिलेत.” वास्तविक डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी असते, तेव्हा फक्त डोळे राहिलेत हे विधान कोणत्याही मूर्तीबद्दल कधीही केलं तरी खोटं ठरत नाही.

गंमत म्हणजे जे गणपती समुद्रमार्गे परदेशी जातात त्यांना प्रवासाला वेळ लागतो म्हणून ते उन्हाळ्यातच रंगून, वाळून, खोक्यात बसून निघतात. अमेरिकेतल्या मंडळाला खडखडीत वाळलेला बाप्पा मिळतो आणि पेणपासून तासाभरावर राहणाऱ्याला मिळतो तो ‘सोंडेला हात लावू नका हं’ या सूचनेसह, वरून प्लॅस्टिक घालून.

हात लावू नका हे सांगून उपयोग नसतो, हा भाग वेगळा. ‘रंग ओला आहे’ ही पाटी वाचून मराठी माणूस प्रथम आजूबाजूला बघतो, मग तर्जनी पुढं करतो. त्याला पाटीवर अविश्वास असतो असं नाही; पाटी कधी लावली याबद्दल शंका असते. हवा दमट आहे, सकाळची पाटी असेल, एव्हाना वाळला असेल, एवढा सगळा हवामानशास्त्रीय विचार त्या एका बोटामागं असतो. आमच्या इमारतीच्या जिन्याच्या कठड्यावर असे विचार तळमजल्यापासून गच्चीपर्यंत उमटलेले आहेत. शिवाय पावसाळ्यात ट्यूबलाइटकडं येणारी चिलटं दारावरच्या ओल्या इनॅमलवर टेकतात आणि तिथंच कायमची रहिवासी होतात. त्यांना मेंटेनन्स लागू होत नाही.

निदान माणसाला पाटी वाचता येते. श्रावण अमावास्येला पोळा. बैलांना धुवायचं, खांदे मळायचे, शिंगं साळायची, रंगवायची, वर बेगड चिकटवायची. आता बहुतेक ठिकाणी ऑइल पेंटच असतो, भडक, झकास, आणि बाहेर श्रावणातली हवा. शिंग वाळायला रात्र जावी लागेल; मिरवणूक असते संध्याकाळी. बैलाला एवढंच कळतं की शिंगावर काहीतरी चिकचिकतंय आणि ते घासलं पाहिजे. घासायला समोर काय असतं? वर्षातून एकदा बाहेर काढलेले पांढरे शुभ्र सदरे. अंधार पडेपर्यंत पारावर बसलेल्या मंडळींच्या पाठी बघून कोणाचा बैल कोणापाशी किती रेंगाळला हे सगळं सांगता येतं: केशरी पट्टा असला तर वरच्या आळीचा, निळा असला तर खालच्या. सरपंचांच्या पाठीवर दोन्ही रंग असतात, पण ते बैलांमुळंच आलेत असं गावात कोणी छातीठोकपणे सांगत नाही.